उपासाच्या ताटाचे धनी

तासगाव, १९ सप्टेंबर १९७६

ती. मानसिंगमामांच्या पायांवर भाचा नाथाजीचा दंडवत. सुभेदारसाहेब, तुमचा गुडघा आता हुकूम ऐकतो का? बनुमामींना नमस्कार. इकडे सगळी खुशाल आहेत, फक्त तुमची धाकटी बहीण, म्हणजे आमची आई, आषाढापासून उपास सोडायला तयार नाही.

चूक माझीच. पित्तानं बेजार झालेल्या आईला डॉक्टरांनी बजावलं, "राहीबाई, उपास बंद. भाकरी-भाजी खा." ऐकेल ती आई कसली! तेव्हा मी (मास्तरकी डोक्यात गेली की असं होतं) शाळेतला जाडजूड इंग्रजी शब्दकोश घरी आणला. त्यात शब्दांची मुळं दिलेली असतात. पोटॅटो, टॅपिओका (म्हणजे आपल्या साबुदाण्याचा कंद), चिली म्हणजे मिरची, पपया, कॅश्यू... मामा, बघत गेलो आणि अंगावर काटा आला! हे शब्द इंग्रजांचे नव्हेतच. गोरे पोचायच्या आधीपासून अमेरिकेत राहणाऱ्या माणसांच्या बोलींतले. आणि आपले बटाटा, काजू, पपई हेही तिकडूनच आलेले. म्हणजे सहीसुद्धा न येणारी माझी आई रोज चुलीपुढं बसून त्यांची भाषा बोलते! (बी. ए.ला हे मला कुणी शिकवलं नाही.)

मी आईला ठणकावून सांगितलं, तुझं फराळाचं ताट सगळं परमुलखातलं, हा कसला उपास? वाटलं, आता ताट बाजूला सारेल.  तर आई हात जोडून म्हणाली, "आगं बया! ज्यांचं रोजचं खाणंच उपासाला चालतंय, ती मानसं केवढी देवाची आसतील रं!" आणि तिनं चातुर्मासभर उपास धरला. पित्त दुप्पट झालं. परवा न्हाणीत चक्कर येऊन पडली, तेव्हा माझं धाबं दणाणलं. तुमच्या मिशीपुढं तिचं काही चालत नाही. येऊन एकदा दरडावा.

तुमचा,
नाथाजी

ता. क. – दरडावू नका. आत्ताच आईनं विचारलं, "ती मानसं आता कशी हायत?" खोटं बोलवेना. म्हटलं, गोऱ्यांनी मुलूख घेतला, रोगराईत गावंच्या गावं गेली. उरलीत ती आहेत. आई डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "आपुन त्यांचं एवढं खाल्लं, त्यास्नी आपली भाकरी कुणी घातली का?" येत्या सर्वपित्रीला आपल्या पितरांशेजारी ती त्यांच्या नावानं पान वाढणार आहे. ते जेवले की मगच भाकरी खाऊन उपास सोडणार. त्यांच्या जागी पानावर बसायला माणूस हवा, आणि आपल्यात परमुलूख पाहिलेले तुम्हीच. तेव्हा अमावास्येच्या आत याच.

आणखी ता. क. – ती माणसं किती होती, हे मला सांगता आलं नाही. आईनं दोन पायली ज्वारी निवडून ठेवली आहे. आदल्या दिवशी जेवू नका.