तीन वाजता बंद पडणारा सर्व्हर

२ एप्रिल, बुधवार
ईदची सुट्टी संपली. ऑफिस पुन्हा पाचपर्यंत. दुपारी तीनला सगळ्यांच्या स्क्रीनवर एकच मेसेज: डेटाबेस सर्व्हरशी कनेक्शन होत नाही. घाबरलो नाही. घाबरणारे वेगळे. कंपनीचे मालक अफनानसर, त्यांना म्हटलं, दहा मिनिटं द्या. पाचपर्यंत सर्व्हर रिस्टार्टच करत होतो.

३ एप्रिल, गुरुवार
सकाळी सिस्टिम सुरळीत. म्हणजे कालचा रिस्टार्ट लागू पडला. अनुभव लागतो.
मूड बघून सरांकडे व्हिसाचा विषय काढला. या टाइल्स कंपनीचं अख्खं आयटी मी सांभाळतो आणि व्हिसावर अजून 'आर्काइव्ह क्लार्क', म्हणजे फायली लावणारा. इथे आखातात हुद्दा व्हिसावरच छापतात. या महिन्यात रिन्यूअल आहे. सर म्हणाले, हा एरर कायमचा घालवा, या वेळी 'आयटी मॅनेजर' करू, इन्शाल्ला. झालंच म्हणायचं. सासरी लग्न ठरतानाच मॅनेजर म्हणून सांगितलंय. सासरे फोनवर 'मॅनेजरसाहेब' म्हणतात. आता फक्त कागद जुळवायचा.

दुपारी ३.०५
पुन्हा एरर.

४ एप्रिल, शुक्रवार
डेटाबेसचा पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड विसरलो. सकाळ त्यात गेली. तीनला एरर आला तेव्हा मी पूर्ण तयारीत होतो. उपाय तेवढा नव्हता.
अकाउंट्सच्या मुनीरने स्वतःहून करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा आणून दिला. म्हणाला, नागेशभाई, टेन्शन मत लो, आराम से करो. मग सगळे बॅगा उचलून निघाले, जाताना प्रत्येक जण मला सलाम करून. कष्टांची कदर असलेली माणसं आहेत.

७ एप्रिल, सोमवार
सर्व्हर दुसऱ्या शहरात, रास अल खैमाच्या गोदामात. लांबून दुखणं कळत नाही, म्हणून बसने गेलो. केबल बदलली. सिस्टिम चालू! बदलायच्या आधीही चालूच होती, पण आता जास्त चालू वाटली. परतीच्या बसमध्ये मेसेज: तीनला बंद. नवीन केबल खराब असणार. हल्ली मालात दम नाही.

८ एप्रिल, मंगळवार
एक फायरवॉल तेवढी तपासलेली नाही. फायरवॉल म्हणजे सर्व्हरच्या दारावरचा वॉचमन. कोणाला कधी आत सोडायचं ते तोच बघतो. पण तिथे बघायची गरजच नाही, ते नियम मी स्वतः लिहिलेत. रमजानात ऑफिस तीनला सुटायचं, तेव्हा कोणी उपाशीपोटी जास्त काम करू नये म्हणून मी तिथे तीननंतरचं कुलूपच घातलं होतं. सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती. इतकं बारकाईचं काम आता कोण करतं?
संशय मुनीरच्या प्रिंटरवर आहे. प्रिंटर काढून ठेवला.
सेल्सच्या समिधाला म्हटलं, होईल लवकरच. मुलगी इथेच वाढलेली, पण आपल्यातली. म्हणाली, नो रश, अंकल, टेक युअर टाइम. तिने साडेतीनची जिम लावली आहे.

९ एप्रिल, बुधवार
जेवताना स्मिताने विचारलं, रोज तीनलाच का? ईदच्या आधी काय वेगळं होतं? म्हटलं, काहीच नाही, तेव्हा तर आम्ही तीनला घरीच निघायचो. तिने कपाळावर हात मारला आणि ताटं उचलली. बायकोला नेटवर्कमधलं कळत नाही, हे एक दुःखच आहे.

१० एप्रिल, गुरुवार
सर बाहेरून इंजिनियर बोलावतायत. हरकत नाही म्हटलं. त्यालाही चार गोष्टी शिकायला मिळतील.

११ एप्रिल, शुक्रवार
शाहबाज नावाचा माणूस आला. बसला, फायरवॉल उघडली, मीटिंग रूमच्या मोठ्या टीव्हीवर लावली. 'रमजान. तीननंतर बंद. नागेश.' एक क्लिक केलं आणि म्हणाला, खलास. चहासुद्धा घेतला नाही. सर माझ्याकडे न बघता निघून गेले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
मुनीरला विचारलं, कोणाच्याच कसं लक्षात आलं नाही? तो म्हणाला, सबको पता था, भाई, पहले दिन से. तुम्ही आमच्यासाठी मुद्दाम ठेवलंय असं वाटलं, आम्ही दुआ देत होतो. पाचला लिफ्टमध्ये कोणी माझ्याशी बोललं नाही. समिधाची जिम बुडाली.
व्हिसावर 'आर्काइव्ह क्लार्क'च राहणार. घरी आल्यावर स्मिताला म्हटलं, निदान तुझ्या बाबांना हे कळू देऊ नकोस.
ती म्हणाली, त्यांनी लग्नाआधीच चौकशी केली होती. तुम्हाला बरं वाटतं म्हणून साहेब म्हणतात.