यादीतली बारावी ओळ

सोमवार, ३
आज सकाळी देवाचं नाव घेऊन नव्या घरापुढे उभा राहिलो आणि दार आपणहून उघडलं. किल्ली नाही, कडी नाही. पुतण्या हसला. म्हणाला, काका, कुलूप तुमच्या खिशातला फोन ओळखतं, तो तेवढा विसरू नका. कुलूप, दिवे, पंखे, दारावरची घंटा, घरमालकाने सगळं वायफायवर बसवलंय. हिच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पंधरा दिवस पट्टी. दवाखाना जवळ म्हणून हे घर घेतलं. हात धरून हिला खोल्या दाखवायला लागलो तर म्हणाली, "दाखवताय काय मला? पलंगापासून न्हाणीघर किती पावलं ते सांगा." नऊ.

मंगळवार, ४
वायफायवर काय काय जोडलंय याची यादी फोनवर दिसते. पुतण्याने रीत शिकवली: घरातली एकेक वस्तू बंद करायची आणि यादीतून काय जातं ते पाहायचं. मी छापखान्यात मुद्रितं तपासतो, ओळीवर बोट ठेवून पुढे सरकण्याचा मला कंटाळा नाही. संध्याकाळभर दिवे मालवत, पंखे थांबवत फिरलो. घर घेतलंय की विजेचं दुकान, असं हिने दोनदा विचारून झालं. अकरा ओळींचा पत्ता लागला. बारावी राहिली. तिला नाव नाही, बनवणाऱ्याचंही नाही.

गुरुवार, ६
घरातलं सगळं बंद केलं तरी ती ओळ जात नाही. पुतण्या म्हणाला, शेजाऱ्याने पासवर्ड ढापला असेल, बदला. बदलला. दहा मिनिटांत ती परत. आणि फोन सारखा विचारतो, हे उपकरण ओळखीचं आहे का? कामावर, जेवताना, प्रार्थनेला बसलो तरी. उत्तरं दोनच: हाकला, किंवा घरचं.

गावच्या शाळेत कुणाकडे आलेलं परगावचं पोर वर्गात येऊन बसलं, तर गुरुजी त्याला उठवत नसत. हजेरीच्या तळाशी 'पाहुणा' लिहीत आणि आमच्यासोबत त्याचीही हजेरी घेत. मला ते फार आवडायचं. बाराव्या ओळीपुढे मी 'पाहुणा' लिहिलं आणि 'घरचं' दाबलं. फोन गप्प झाला.

शनिवार, ८
कामावरून आलो तर ही खुशीत. म्हणाली, "दुपारी आलात, उशी सारखी केलीत, पाणी दिलंत, मग मूग गिळून का बसला होता?"
दुपारी मी छापखान्यात होतो. तसं सांगितल्यावर हसली. म्हणे, या वयात चोरून भेटायला येताय, तर निदान कबूल करा.
मला हसू आलं नाही.

रविवार, ९
पुतण्याला फोन केला. त्या ओळीला 'घरचं' म्हटल्याचं सांगितलं. तो म्हणाला, काका, 'घरचं' म्हटलं की कुलपालाही तो घरचाच. दार त्याला उघडतं.
कुलपाची नोंद काढली. शुक्रवार, दुपारी एक: पाहुणा आत.
बाहेर गेल्याची नोंद — शोधतोय. नाही.
कपाटं, माळा, पलंगाखाली, सगळं पाहिलं. कुणी नाही. हिला काही बोललो नाही.

सोमवार, १०. सकाळ
रजा टाकली. 'हाकला' दाबतोय, ऐकत नाही. पुतण्या म्हणतो, आता एकच उपाय. बाहेरच्या भिंतीवरची मुख्य तार ओढा. कुलूप घट्ट बसेल, मालक येईपर्यंत कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही. आधी काकूला बाहेर काढा.
यादीत ओळीपुढे रेघा दिसतात. वस्तू जवळ, तितक्या रेघा जास्त. फोन घेऊन खोल्यांतून फिरलो. स्वयंपाकघरात एक. बोळात दोन. हिच्या खोलीच्या उंबऱ्यावर चार —
आतून ही म्हणाली, "अहो, हात गार पडलाय तुमचा. किती वेळ धरून बसणार?"
मी उंबऱ्यावर होतो.

दुपार
उचलून आणलं हिला. ओरडत होती, पडेन म्हणून. कशाला अडकलो नाही. कुणी अडवलं नाही. देवा.
पायरीवर बसवलं. तार ओढली. दोनदा ओढावी लागली. कुलूप बसलं, आवाज ऐकला. संपलं. तो आत, आम्ही बाहेर. एका हाताने हिचा हात धरलाय, दुसऱ्याने हे लिहितोय, वही गुडघ्यावर.
ही विचारतेय, कसला खरखर आवाज? म्हटलं, लिहितोय.
म्हणते, माझे दोन्ही हात धरून ठेवलेत, मग लिहिताय कशाने —
मी तर एकच