मसुराची मूठ

टाकवे बुद्रुक,
२८ नोव्हेंबर

तीर्थरूप आबांना,
मानसीचा सप्रेम जयभीम.

लोणावळ्याच्या थंडीत गुडघे कसे आहेत? शुभदाताईंनी दिलेला स्वेटर घालत जा, पेटीत ठेवू नका. इथे आम्ही दोघं बरे आहोत. भात झोडून झाला, नव्या तांदळाचा वास घरभर सुटलाय. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि मला विचारायचंय ते ओरडून विचारण्यासारखं नाही, म्हणून लिहितेय.

विचारायचंय मसुराचं. खालच्या खाचरात पंधरवड्यापूर्वी पेरला. बी घरचंच. ह्यांनी मोबाईलवर बघून एकरी पंधरा किलो धरलं. मी ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून पाहिले तर सत्तरच उगवले, म्हणून आणखी थोडं वाढवलं. हिशेब बरोबर होता. शेजारच्या दत्तोबांनी बैल हाकले आणि पेरणीच्या पाभरीवर, चाड्याच्या वाटीत मुठीने बी सोडत हे मागून चालले. खाचराचा तिसरा हिस्सा राहिला असतानाच बी संपलं.

हे बांधावर बसून राहिले. दत्तोबा म्हणाले, "आरं अतुल, तुज्या बापाची, आबाची मूठ बी पयल्या साली अशीच सुटलीवती." हे उठून बैल सोडायला गेले.

आता उगवण दिसतेय. कुठे डोक्यावरच्या केसांसारखी दाट, कुठे नुसती माती. दाट आलेलं विरळ करू का? राहिलेल्या तुकड्यात आता पेरलं तर येईल का, आणि बी किती घेऊ?

एवढंच विचारून पत्र संपवणार होते.

पण आबा, गेल्या वर्षी तुमचा हात थरथरून पेर दाट पडली, मसूर लोळला, धुक्यात कुजला. तेव्हा दत्तोबांसमोर हे बोलून गेले, "आबा, आता चाड्याला हात लावू नका." तुम्ही पिशवी भरलीत आणि शुभदाताईंकडे लोणावळ्याला निघून गेलात. तेव्हापासून तुमचं नाव निघालं की हे उठून गोठ्यात जातात.

रविवारी मोटारीचा पार्ट आणतो म्हणून गेले आणि रिकाम्या हाताने आले. जेवता जेवता मध्येच म्हणाले, "आबांनी शाल उलटी पांघरलीय. ताईचं लक्ष नसतं." मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तेव्हा कुठे सांगितलं. तुम्ही गॅलरीत ऊन खात बसला होतात. हे बराच वेळ ताईंच्या बिल्डिंगखाली उभे होते. वर यायचा धीर झाला नाही.

हे मी तुम्हाला कळवलंय, त्यांना माहीत नाही. रागावलात तरी चालेल, पण उत्तर द्या.

तुमची लेक,
मानसी


लोणावळा,
२ डिसेंबर

मानसी बाळा,
जयभीम.

बोलतोय मी, लिवतीय शुभदा. माज्या हातात आता पेन बी ठरत न्हाई.

दाट आलंय ते जमिनीत ओल हाय तवर विरळ कर. दोन रोपांत तीन बोटं ऱ्हाऊ दे. उपटलेलं गुरांना घाल. मोकळा तुकडा पेरायचा, पडीक ठेवायचा न्हाई. उशिराच्या मसुराला फुटवं कमी येत्यात, म्हनून बी थोडं वाढवायचं. किती, ते ओल बगून सांगतो. पत्रात सांगता येत न्हाई. मूठ तू धर, मी बांधाला बसतो.

अतुल खोटं बोलला न्हवता. हात थरथरतोच. मला आदीच कळलं व्हतं, म्हनून तर लय लागलं. चारचौघांत नको व्हतं बोलायला, येवडंच.

त्याला म्हनावं, खाली उबा ऱ्हाऊ नको. जिना चढून वर ये. मला उतराया खांदा लागतो.

तुमा दोगांचा,
आबा