उंबऱ्याचा आकडा

झिंडेलफिंगेन,
५ जानेवारी २००४

ती. वसुधावहिनींस,
श्रीधरचा शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल. फोनवर आई शेजारी बसलेली असते आणि तुम्ही ‘सगळं बरं आहे’ यापुढे जात नाही. दादा गेल्याला पाच वर्षं होत आली. माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठीचं घरबांधणीचं कर्ज तुमच्या नावे मंजूर झालं हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. आता भाड्याच्या खोलीतून आईला आणि तुम्हाला बाहेर काढायचं.

सोबत नकाशा आहे. तीन रविवार बसून मीच काढला. आईची चाकाची खुर्ची प्रत्येक दारातून सहज जावी, असा. इथे आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत ऐंशीच्या आज्या आपली खुर्ची आपण ढकलत ब्रोट, म्हणजे पाव, न्यायला येतात. कुणाला हाक मारावी लागत नाही. ते पाहिलं की आई आठवते.

बँकेला या महिनाअखेर बिल्डरचं नाव हवं आहे. एकदा करार झाला की पुढचे हप्ते बँक थेट त्यालाच देणार, मग बदलणं कठीण. म्हणून सांगतो, माझा वर्गमित्र विलास याला काम द्या. त्याचं ऑफिस आहे, माणसं आहेत. तुम्ही म्हणता ते वासुदेव मिस्त्री दादाच्या पलटणीतले, माणूस भला असेलही, पण भलेपणावर स्लॅब उभा राहत नाही. रागावू नका. घरी येणं जमत नाही, निदान घर तरी नीट व्हावं.

सुनेत्रा नमस्कार सांगते. उर्जाला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. लोभ आहेच, त्यात खंड पडू देऊ नये.

आपला,
श्रीधर

सातारा,
२१ जानेवारी २००४

चि. श्रीधरभाऊजींस,
वसुधाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

नकाशा पोचला. आईंनी तो उलटा धरून अर्धा तास पाहिला आणि देवघर चांगलं आहे म्हणाल्या. तुमच्या कष्टांचं चीज झालं समजा.

दोघांनाही नकाशाच्या प्रती दिल्या होत्या. विलासरावांनी चार दिवसांत गुळगुळीत कागदाची फाईल पाठवली. सगळं टाइप केलेलं, एकही शंका नाही. वासुदेवभाऊ मात्र तीन वेळा येऊन गेले. पहिल्यांदा टेपने आईंची खुर्ची मोजली. दुसऱ्यांदा आईंना विचारलं की कोणत्या हाताला जोर आहे. खुर्चीत बसल्यापासूनच्या पाच वर्षांत हे त्यांना डॉक्टरांशिवाय कुणी विचारलं नव्हतं, त्या कितीतरी वेळ बोलत राहिल्या. तिसऱ्यांदा त्यांनी नकाशात उंबऱ्यापाशी लिहिलेल्या आकड्याच्या पहिल्या अंकावर बोट ठेवलं आणि हा एक की सात, असं मला विचारलं. मला सांगता येईना.

विलासरावांच्या फाइलमध्ये उंबरा साडेसात सेंटिमीटर आहे. म्हणजे तीन इंच. वासुदेवभाऊ म्हणाले की ज्या माणसाने सगळ्या खोल्या खुर्चीसाठी आखल्या, तो दारातच खुर्ची अडवणार नाही. तुम्ही भाऊजींना विचारा, त्याशिवाय मी खडूची रेघही ओढणार नाही.

भाऊजी, आता एक गोष्ट सांगते, जी फोनवर सांगता आली नाही. आत्ताच्या खोलीचा उंबरा तीन इंचच आहे. मी शाळेत शिकवायला गेले की आई दिवसभर त्याच्या आत असतात. गेल्या श्रावणात त्यांनी एकट्याने ओलांडायचा प्रयत्न केला आणि पडल्या. तुम्हाला कळवू नको अशी शपथ घातली होती, ती आज मोडते आहे.

तो आकडा काय आहे, ते लवकर कळवा. सुनेत्राला आशीर्वाद, उर्जाला मुका. माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
वसुधा

झिंडेलफिंगेन,
२८ जानेवारी २००४

ती. वसुधावहिनींस,
श्रीधरचा शि. सा. न. वि. वि.

आकडा एक आहे. दीड सेंटिमीटर. तारीख जवळ आली म्हणून फोनवर तेवढंच सांगितलं, बाकीचं इथे लिहितो.

इथे एकाला डोक्यावरून लांब शेपूट काढतात आणि साताच्या पोटात आडवी रेघ मारतात. आठ वर्षांत माझा हातही तसाच वळला. मला ते कळलंसुद्धा नाही. तुमचं पत्र आल्यावर नकाशा उर्जापुढे धरला, तर ती पटकन आइन्स म्हणाली, एक. तिला कळतं, माझ्या गावाला कळत नाही, असं माझं अक्षर झालं आहे.

विलासला विचारलं. त्याला तो सातच वाटला, आणि माझ्यासारख्या इंजिनियरने लिहिलंय म्हणून त्याने विचारलं नाही. त्याची फार चूक नाही. पण मला तिथे विचारणारा माणूस हवा आहे, कारण मी तिथे नाही. दादा तिरंग्यात आला तेव्हा मी चार दिवस राहून परतलो आणि तेव्हापासून काही ना काही पाठवतोच आहे. आई पडली हे मला पाच महिन्यांनी कळतं. वहिनी, मला स्वतःची लाज वाटते.

करारावर वासुदेवभाऊंचंच नाव घाला. त्यांना माझा नमस्कार सांगा. भलेपणाबद्दल जे लिहिलं ते मागे घेतो. राग धरला असेल तर तो सोडावा, माया सोडू नये.

आपला,
श्रीधर

सातारा,
३ जानेवारी २००५

चि. श्रीधरभाऊजींस,
वसुधाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

घर झालं. आईंनी मध्येच हट्ट धरला होता की उंबऱ्याशिवाय घर म्हणजे धर्मशाळा, लक्ष्मी थांबायची कुठे? वासुदेवभाऊंनी वाद घातला नाही. काळ्या दगडाची पट्टी आणून दोन्ही कडा घासून गोल केल्या आणि बरोबर दीड सेंटिमीटरवर बसवली. आईंनी जोर असलेल्या डाव्या हाताने तिला हळदकुंकू वाहिलं. मग खुर्ची मागे घेतली आणि एकट्या बाहेर गेल्या. मी मदतीला पुढे झाले, तर मलाच रागावल्या. ह्यांच्या फोटोसमोर जाऊन मी पोटभर रडून घेतलं.

वास्तुशांतीची तारीख आकड्यात लिहीत नाही, तुमचा भरवसा नाही. अक्षरात लिहिते: अकरा फेब्रुवारी. सत्याहत्तर वाचायला जागा ठेवलेली नाही. सुनेत्राला आणि उर्जाला घेऊन या.

आई आता रोज उंबरा ओलांडून फाटकापाशी जाऊन बसतात. ऊन खाते म्हणतात. पण ऊन मागच्या अंगणात असतं, भाऊजी. फाटकातून फक्त रस्ता दिसतो.

वाट पाहणारी,
वसुधा