डॉक्टरीणबाईंपुढे नानीबाईंनी खपवलेलं स्थळ

जऊळका,
रविवार, दुपारी जेवणानंतर

सौ. पंचफुलाताईस,

धाकट्या भावाचा, जानरावचा, वाकून नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला 'इकडे सर्व ठीक' असं लिहायची रीत आहे. पण सर्व ठीक नाही, म्हणून जे ठीक आहे तेवढंच लिहितो. घरावरचे टिन ठीक आहेत. दारातला कडुलिंब ठीक आहे. दुकान ठीक आहे, म्हणजे हरभऱ्याचं ओलीत सुरू झाल्यापासून विहिरीवरच्या पंपांच्या जळक्या मोटारी ओट्यावर रांगेने पडल्या आहेत. तुझी साखर कशी आहे? भाऊजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असं वैभवीकडून कळलं, पण कोणत्या डोळ्याचं ते तिने सांगितलं नाही. (मी विचारलं, तर म्हणाली, 'मामा, झालं न एकदाचं.' डोळे दोन असतात, म्हणून विचारलं.) त्यांनाही नमस्कार सांग.

आजच्या काळात पत्र काहून, असं तू म्हणशील. कारण सरळ आहे. वैभवीच्या लग्नापासून तू माझा फोन उचलत नाहीस. पत्र उचलावं लागत नाही, पोस्टमन ते देऊनच जातो.

लग्नातल्या त्या गोष्टीवर मी पुन्हा वाद घालणार नाही. फक्त घडलं ते क्रमाने लिहितो, कारण शिरपुरात ती हकीकत क्रम सोडून सांगितली जाते असं कानावर आलं आहे. तू म्हणालीस, 'जानराव, तू घरचा मानूस, व्याह्याच्या पंगतीत बुंदी तू वाढ.' मी परात घेतली. व्याही म्हणाले, नको. मी पुढे गेलो. त्यांच्या भावाने तर ताटावर दोन्ही हात आडवे धरले, त्यामुळे तिथे विचारायचाही प्रश्न नव्हता. अशी सगळी रांग 'नको' म्हणाली आणि मी परात जशी भरलेली नेली तशीच भरलेली परत आणली. बुंदी वाचली म्हणून तू खूश होशील असं मला वाटलं होतं. व्याही हात धुऊन थेट गाडीत जाऊन बसले, आणि त्यांना खाली उतरवायला भाऊजींना टोपी काढावी लागली. मी आजही विचारतो, ज्याला बुंदी पाहिजे त्याने नको काहून म्हणावं? (हा प्रश्न मी व्याह्यांनाही गाडीच्या काचेतून विचारला. तिथे माझं चुकलं असं सगळ्यांचं एकमत आहे.) त्यावर तू भर मांडवात ओरडलीस, 'लहानपनापासून असाच हाये हा! याच्यापेक्षा दगड बरा, दगडाले शेंदूर तरी लावता येते!' ते असो.

पुढचं वैभवीमुळे झालं. तिचा राग मानू नकोस, पोरगी तुझ्या चोरून मला फोन करते. अकोल्याला ती ज्या मुलांना शिकवते ती उशिरा बोलतात, एकटी खेळतात आणि हाताला लागेल ते रांगेत लावत बसतात, हे तुला ठाऊक आहेच. एक दिवस चाचरत म्हणाली, 'मामा, रागावू नका. मला माझ्या वर्गातल्या मुलांमध्ये तुम्ही दिसता.' मी म्हटलं, बाई, मी एक्कावन्न वर्षांचा आहे. ती म्हणाली, वय झालं म्हणून ते जात नसतं, त्याला स्वमग्नता म्हणतात, ऑटिझम म्हणतात, एकदा दाखवून घ्या. मी फोन ठेवला आणि हातात होती ती मोटार दोनदा उलटी भरली. माझ्या हातून असं कधी होत नाही.

तुला माहीत आहे, रिवायंडिंग मला कोणी शिकवलेलं नाही. बाबांनी आयटीआयला पाठवलं नाही, तेव्हा मी एक जळकी मोटार उघडली, तार उलगडत गेलो, जशी निघाली तशी परत भरली. हेही असंच उलगडू म्हटलं. मोबाइलवर प्रश्न असतात, त्यांची उत्तरं दिली की आपल्याला काय झालं आहे ते सांगतात. पहिल्याने सांगितलं ऑटिझम. ताळा करावा म्हणून दुसरा सोडवला, तो म्हणाला व्यक्तिमत्त्व विकार. तिसरा म्हणाला, आपण जन्मजात नेते आहात. प्रश्नच धड नव्हते. 'तुम्हाला गर्दीत एकटं वाटतं का?' जऊळक्याला बाजाराचा दिवस सोडला तर गर्दी नसते. गर्दी नसताना एकटं वाटतं का, असं त्यात कुठेच विचारलेलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर दिलं असतं.

म्हणून अकोल्याला गेलो. स्टेशनवर चहावाल्या हेमसिंगने विचारलं, 'कुठी चालले जानरावभाऊ?' म्हटलं, 'अकोल्याले.' 'काहून?' 'डोकं दाखवाले.' आता यात मी काय चूक सांगितलं? पण गाडी सुटायच्या आत सगळ्या जऊळक्याला कळलं. तेव्हापासून लोक माझ्याशी फार मऊ बोलतात. काही तर मोठ्याने बोलतात, जणू मला ऐकू कमी येतं. कोणी भावावरून भांडत नाही. पूर्वी एकेक गिऱ्हाईक तास तास हुज्जत घालायचं, 'जानराव, तू मानूस हायेस का कसाई?' म्हणायचं, मी तांब्याचा भाव सांगायचो, मग ते खाली बसायचं, चहा व्हायचा. आता येतात, पैसे मोजून देतात, 'बरं हाये न आता?' म्हणतात आणि निघून जातात. चहाची साखर गेल्या महिन्याची अजून उरलेली आहे.

डॉक्टरीणबाई बऱ्या आहेत. पण त्यांच्या डोक्यावरचा पंखा एका सुरात फिरत नव्हता, मधेच दम घ्यायचा. त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न मला ऐकूच आला नाही. मी म्हटलं, आधी हे नीट करू. खुर्चीवर चढलो, वरची वाटी खाली सरकवली, आणि पंखा बंद पडला तो पडलाच. (कंडेन्सर माझ्याजवळ नव्हता. पुढच्या वेळी नेला.) मग त्या घाम पुसत विचारत राहिल्या. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघता का? म्हटलं, बघितलं तर तो काय बोलतो ते ऐकू येत नाही, दोन्हींतून एकच होतं. त्यांनी ते लिहून घेतलं. सरतेशेवटी म्हणाल्या, हे लहानपणापासून आहे की नंतर आलं, यावर बरंच अवलंबून आहे, तर तुम्हाला चार-पाच वर्षांचं असताना पाहिलेलं कोणी पाहिजे. आई? म्हटलं, वारली. बहीण? म्हटलं, मोठी आहे, तिने मला कडेवर वागवलं, पण ती सध्या बोलत नाही. त्या घाबरल्या, 'बोलत नाही म्हणजे? केव्हापासून?' म्हटलं, माझ्याशी बोलत नाही. बाकी सगळ्यांशी बोलते, भरपूर बोलते.

तू नाहीस म्हटल्यावर उरल्या नानीबाई. आपल्या जुन्या घराला त्यांची भिंत लागून होती, आईच्या त्या मैत्रीण, वय झालं तरी कान शाबूत. मी त्यांना एवढंच म्हणालो, 'अकोल्याला एक बाई आहेत, त्या माझ्याविषयी विचारतील, तुम्ही लहानपणापासूनचं सांगा.' त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, 'आज तुही माय पाह्यजे होती रे.' मला यात रडण्यासारखं काही दिसलं नाही. सकाळी त्या ठेवणीतलं लुगडं नेसून स्टेशनवर हजर. मला म्हणाल्या, दाढी काहून नाही केली. गाडीत माझी कॉलर सारखी करत होत्या. मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. पण लोकांच्या मनातलं ओळखता येत नाही म्हणून तर मी चाललो होतो.

आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आजी, हे लहानपणी कसे होते? नानीबाई पदर सावरून म्हणाल्या, 'सोन्यासारखं पोरगं. बिडी नाही, सुपारी नाही, दारूचा तं वासही नाही.' एकटे खेळायचे का? 'एकटं कायले खेयीन? गावभर सोबती त्याचे!' ताई, माझ्या सोबत कोण खेळायचं? मी तिथेच म्हटलं, हे खरं नाही. नानीबाई हसून डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, 'पाहा, सोताची तारीफ आयकवत नाही त्याले.' बोलायला उशिरा लागले का? 'छे व माय, पाळन्यातच चुरूचुरू बोले.' कशाचा हट्ट, कशाची चीड? 'गाय हाये गाय. घर सोताचं, धंदा सोताचा, सासू नाही, ननंद एक हाये ते शिरपूरले.' यावर डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं. नानीबाईंनीच मग त्यांना विचारायला सुरुवात केली, तुमचं मूळ गाव कोणतं, भाऊ किती, नोकरी पक्की आहे का. बाहेर आल्यावर मला कोपऱ्यात ओढून म्हणाल्या, 'चष्मा हाये, पन चालते. आता तूच नाक मुरडू नको.'

मी नानीबाईंना दोष देत नाही. एक बाई खुर्चीत बसून मुलाच्या सवयी विचारते आहे, म्हटल्यावर आपल्याकडे दुसरं कोणी काय समजेल? आणि स्थळ म्हटलं की पोराचं वाईट सांगायचं नसतं, हा धर्म त्यांनी पाळला. माझी एवढी तारीफ आजवर कोणी केली नव्हती. खोटी होती, तरी दोन स्टेशनं जाईपर्यंत बरं वाटत होतं.

पण त्यामुळे घोटाळा झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोघांचं सांगणं जुळत नाही, एकाच माणसाच्या साक्षीवर मी काही ठरवणार नाही, पण लहानपणी खरंच काही नसेल तर कदाचित दुसऱ्या बाजूने पाहावं लागेल, व्यक्तिमत्त्व विकार वगैरे. मी 'कदाचित' ऐकलं होतं. पण जऊळक्याला उतरेपर्यंत तो शब्द गाडीतच राहिला आणि बाकीचे घरी आले.

तेव्हापासून मी एकच हिशेब करत बसतो. पहिलं असेल तर माझी जोडणी मुळातच वेगळी होती, कोणी केलेली नाही, कोणाचं चुकलेलं नाही. दुसरं असेल तर मी चांगला होतो आणि मधेच कुठेतरी जळलो. (डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते इतकं सरळ नसतं. नसेल. पण मला ते असंच ऐकू आलं.) मग कुठे जळलो ते शोधत बसतो. आई गेली तेव्हा? मंजूशी ठरलेली माझी सोयरीक तिच्या वडिलांनी मोडली तेव्हा? की त्याआधीच काही होतं, ज्यामुळे ती मोडली? मला लहानपणचे चिंचोके आठवतात, अंगणभर लावलेली त्यांची रांग आठवते, बाबांच्या उलट्या ठेवलेल्या सायकलचं फिरणारं चाक आठवतं. मी कसा होतो ते आठवत नाही. आपण आपल्याला बाहेरून दिसत नसतो. त्याला दुसरं कोणी जवळ असावं लागतं.

असो. काही मागावं म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही. माझं मी बघतो, आजवर बघितलंच आहे. हकीकत कळावी, एवढाच हेतू. तब्येतीला जप, भाताचं प्रमाण कमी ठेव. भाऊजींनी ऑपरेशन झालेल्या डोळ्याला (जो असेल तो) धूळ लागू देऊ नये.

तुझा भाऊ,
जानराव

ता. क. डॉक्टरीणबाईंनी येत्या शुक्रवारी पुन्हा बोलावलं आहे. तू आलीस तर बरं होईल. तुला काही चांगलं सांगायचं नाही. मांडवात जे बोललीस तेच त्यांच्यापुढे बोल, आणखी आठवेल ते बोल. चिंचोक्यांची रांग तू पायाने उधळलीस त्या दिवशी मी काय केलं, नवा सदरा घातला की मी का रडायचो, किती वर्षांचा होईपर्यंत बोललो नाही. काही झाकू नकोस. माझ्याविषयी खरं वाईट सांगणारं माणूस आता तूच एक उरली आहेस.

ता. क. २. शुक्रवारी सकाळची गाडी आहे, म्हणून गुरुवारीच मुक्कामाला ये. आईची बाज नव्याने विणून घेतली आहे. शिरपूरची एसटी आली की मी स्टॅंडवर उभा असेन. नानीबाईंना सांगितलेलं नाही, नाही तर त्या मुलीकडचे घर पाहायला येतात म्हणून ओटा सारवतील.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो, पण राहवलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की बहिणीने अकोल्यापर्यंत यायची गरज नाही, फोनवर पाव तास बोलल्या तरी पुरे. ते मी वर लिहिलं नाही. खोटं लिहिलेलं नाही, फक्त लिहिलेलं नाही. फोनवर झालं तर तू शिरपुरात राहशील, मी इथे राहीन, आणि डॉक्टरीणबाईंचं काम होऊन जाईल. तुला तसंच सोयीचं असेल तर त्यांचा नंबर पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिला आहे. शेवटचे दोन आकडे शाईत बुडाले आहेत. (बुडाले नाहीत. बुडवले.)