हरकत कोणाची

मुलुंड, रवि. ८ जुलै १९८४
आज पाहण्याचा कार्यक्रम. शिरीष, अंधेरीला कारखान्यात इंजिनियर. बरोबर त्याची आई. मुलगा आवडला. खरंच आवडला, स्वतःपासून कशाला लपवू! पोहे खाऊन बशी स्वतः आत आणून ठेवली. निघताना त्याची आई हसून म्हणाली, "लग्नानंतर कॉलेजात शिकवायला आमची काही हरकत नाही हो." तोही म्हणाला, "अजिबात नाही." बाबांचा चेहरा फुलला. मला मात्र काहीतरी खुपलं. काय, ते कळेना.

सोम. ९
अकरावीला तर्कशास्त्र. धडा : न बोललेलं गृहीतक. पुस्तकातली उदाहरणं मेली कंटाळवाणी. सरळ फळ्यावर लिहिलं : 'आम्ही सुधारलेले आहोत, म्हणून सुनेच्या नोकरीला आमची हरकत नाही.' यात काय गृहीत धरलंय? मग मागच्या बाकावरची सुनंदा, "मॅडम, हरकत घ्यायचा हक्क त्यांचाच, हे."
चार वर्षं हा धडा शिकवतेय, आणि काल माझ्याच घरात मला सापडू नये! वाट लागली माझ्या तर्कशास्त्राची.

बुध. ११
काय खुपलं ते आईला सांगितलं. "आगो, सोन्यासारखो झील! नोकरी करूक देतत, तुका आणखी काय व्हया?" मुलगा सोन्यासारखा आहेच. तिच्या 'देतत'मध्येही तेच गृहीतक. पण वाद घातला नाही. तिला कोणी एवढंही दिलं नव्हतं.

शनि. १४
बाबांना सांगून पार्ल्याच्या हॉटेलात शिरीषला भेटले. विचारलंच, "तुमच्या नोकरीला माझी हरकत नाही, असं मी म्हटलं असतं तर?"
आधी हसला. मग म्हणाला, "मी चांगल्या मनाने बोललो हो. हे डोक्यातच आलं नाही." खरं बोलत होता. माझा राग गेला.
मग चहा ढवळत म्हणतो, "विषय काढलात ते बरं झालं. दोनेक वर्षांत ही नोकरी सोडणार आहे मी. मालवणकडे, आमच्या गावच्या शाळेत शिकवायचंय. आईला अजून माहीत नाही."
माझ्या तोंडून ताडकन, "अहो, मग घर कसं चालणार?"
बाबा निवृत्त झाल्यापासून आमचं घर कोण चालवतंय? मीच ना! तरी घर चालवायचं ते नवऱ्याने, हे माझ्या डोक्यात कधीचं बसलंय. भयंकर शरम वाटली. पण भीतीही वाटली, ती अजून गेलेली नाही.

रवि. १५
बाबा म्हणाले, "होकार कळवू ना? उशीर झाला तर त्यांना वाटेल, नाही म्हणायचंय." आठ दिवस मागून घेतले. आई देवापुढे पुटपुटतेय.
तो हवाय. वर्गही हवाय. आणि मी गेले तर आईबाबांचं काय, हे त्या हॉटेलात दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.
शिरीषला पत्र लिहायला बसले. 'तुम्ही गावी गेलात तर मी येईन' लिहिलं. मग 'येईन' खोडलं. मीच जायचं, हे कधी ठरलं? 'तुम्ही इथेच राहा' लिहिलं. तेही खोडलं.
आता कागदावर नुसतं 'तुम्ही गावी गेलात तर मी' एवढंच उरलंय.