मागाच्या घरातला आवाज

आदरणीय चिंतामणी सर,

काल निपाणीत माझ्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. व्हय, मीच लिहिलेलं नाटक! वीस वर्षं तुमच्या नाटकांत मी मोलकरीण झाले, सासू झाले, शेजारीण नंबर दोन झाले, आणि प्रत्येक तालमीत तुम्ही ओरडायचा, "स्वरूपा, हळू! इथं माग चालू नाहीत." सर, वडगावात आमच्या घरात साड्या विणायचे चार माग दिवसभर खडखडतात. तिथं हळू बोललेलं शेजारी बसलेल्या आईलाबी ऐकू येत न्हाय.

काल मी विणकराची म्हातारी आई झालते. स्वतःला चारच वाक्यं ठेवली. सवय जात न्हाय. शेवटच्या अंकात माईक बंद पडले. नायक काय बोलतोय ते पहिल्या रांगेलाबी कळेना. लोक उठून दाराकडं निघाले. तेवढ्यात माझं वाक्य आलं. घर सोडून निघालेल्या लेकाला मी म्हटलं, "बस खाली! साडी अजून पुरी झाली न्हाय!"

सगळं थिएटर खाली बसलं, सर. दारापर्यंत गेलेले माघारी फिरले. मग लई वेळ टाळ्या.

हे पत्र टपालात टाकत न्हाय. वाचून तुम्ही परत म्हणाल, "स्वरूपा, हळू."

तुमची शेजारीण नंबर दोन, आणि लेखिका,
स्वरूपा